साधन देऊ नका, बनवू द्या

आज १५ सप्टेंबर. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची जयंती, म्हणून अभियंता दिन. पुण्याच्या तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेल्या आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवणाऱ्या या अभियंत्याच्या तसबिरीला आज राज्यभरातल्या महाविद्यालयांत हार पडतील. त्यानंतरच्या भाषणांत चिपचा विषय निघेलच, आणि तो निघावाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली आणि साणंद, धोलेरा, जागीरोड ही नावे बातम्यांत झळकू लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रो आणि मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी घडवलेली ‘विक्रम’ ही ३२ बिटांची चिप पंतप्रधानांच्या हाती देण्यात आली. या कौतुकात एक साधा प्रश्न मागे पडतो. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरणे चालवणारी, प्रोग्राम भरता येणारी चिप, कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा कोरा असतो. त्याच्यात प्रोग्राम कोण भरणार, कशाने भरणार, आणि ते ‘कशाने’ किती रुपयांना मिळणार?

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा बीई केलेल्या कोणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर ठाण मांडून होता. त्याच घराण्यातली अॅटमेलची ८९सी५१ ही चिप विद्यार्थ्याच्या खिशाला परवडायची. पण तिच्यात हेक्स फाइल, म्हणजे तयार प्रोग्राम, ‘बर्न’ करायला लागणारा युनिव्हर्सल प्रोग्रामर महाविद्यालयात एखादाच, तोही कपाटात, आणि कपाटाची किल्ली लॅब असिस्टंटकडे. प्रोग्राममध्ये एक चूक सापडली की चिप सॉकेटातून उपटा, रांगेत उभे राहा, पुन्हा बर्न करा. मग ८९एस५२ आली. ती सर्किटमध्ये बसलेली असतानाच मोजक्या तारांनी तिच्यात प्रोग्राम भरता येत होता. त्या तारांवरून कोणते बाइट कोणत्या क्रमाने पाठवायचे, हे कंपनीने डेटाशीटमध्येच छापले होते. बस्स, एवढे पुरले. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले चार रोधक, एखादी बफर आयसी आणि संगणकाच्या प्रिंटर पोर्टात बसणारा कनेक्टर, एवढ्या सामानात हॉस्टेलच्या खोलीत बर्नर तयार होऊ लागला. कपाटाच्या किल्लीची गरज उरली नाही.

या बदलाचे श्रेय कोणाचे? चिप कंपनीने विद्यार्थ्यांना बर्नर वाटले नव्हते, स्पर्धा घेतली नव्हती, शिष्यवृत्ती दिली नव्हती. तिने काही पाने छापली आणि ती वाचायला कोणाला मज्जाव केला नाही. आज या अग्रलेखाचा मुद्दा तेवढाच आहे. स्वस्त साधन देणे निराळे आणि साधन बनवू देणे निराळे. चिप कंपन्यांना पहिली गोष्ट आवडते, कारण तीत औदार्याचा फोटो निघतो. उपयोग मात्र दुसरीचा जास्त होतो.

याचा सर्वात स्पष्ट पुरावा १९९३ सालचा आहे. अमेरिकेत अॅरिझोनातल्या मायक्रोचिप या कंपनीने त्या वर्षी पिक १६सी८४ नावाचा मायक्रोकंट्रोलर बाजारात आणला. त्याआधी हौशी माणसाच्या हाती येणाऱ्या बऱ्याच चिपांना वर काचेची खिडकी असे आणि आतला प्रोग्राम पुसायला अतिनील दिव्याखाली चिप ठेवून वाट पाहावी लागे. १६सी८४ ची मेमरी विजेनेच पुसता येत होती. आकार पाहिला तर आज हसू येईल: अठरा पाय, प्रोग्रामसाठी १,०२४ शब्दांची जागा, ३६ बाइटांची रॅम. पण तिच्यात प्रोग्राम भरायला दोनच तारा लागत. एकीवर घड्याळाचे ठोके, दुसरीवर माहिती, शिवाय बारा ते चौदा व्होल्टांचा एक जादा पुरवठा. ठोक्यांमध्ये किती वेळ सोडायचा, कोणत्या आज्ञेला कोणते बिट, हे सगळे मायक्रोचिपने ‘प्रोग्रामिंग स्पेसिफिकेशन’ म्हणून स्वतंत्र दस्तऐवजात प्रसिद्ध केले. ब्रिटनमधल्या, डेन्मार्कमधल्या आणि आणखी कुठकुठल्या हौशी मंडळींनी तो वाचला आणि आपापले बर्नर बनवून आराखडे जगापुढे ठेवले. त्यातला एक तर इतका काटकसरी होता, की संगणकाच्या सीरिअल पोर्टातूनच वीज उचलायचा आणि वेगळ्या पुरवठ्याची भानगडच ठेवायचा नाही. कंपनीच्या अधिकृत साधनाच्या तुलनेत या बर्नरांचा खर्च नगण्य होता. त्यानंतर कितीतरी वर्षे छंदाच्या मासिकांतले प्रकल्प आणि विद्यार्थ्यांचे पहिले रोबो या चिपवर आणि तिच्या पुढच्या १६एफ८४ या आवृत्तीवर चालले. तांत्रिकदृष्ट्या ती त्या काळची सर्वश्रेष्ठ चिप होती, असे कोणी म्हणणार नाही. ती सर्वात सहज हाताशी येणारी चिप होती.

खुलेपणाची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. याच चिपा युरोपात पे-टीव्हीची चोरटी कार्डे बनवायलाही वापरल्या गेल्या. पण चोरट्यांना अडवायचे म्हणून मायक्रोचिपने स्पेसिफिकेशन मागे घेतले असते, तर चोरटे थांबले नसते आणि विद्यार्थी तेवढे थांबले असते. ज्याला पैसे मिळणार असतात, तो महागडे साधनही विकत घेतो.

पुढे मायक्रोचिपने स्वतःचा स्वस्त बर्नर काढला, पिकिट-२. त्याची आकृती, त्याच्या आतले फर्मवेअर आणि संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर यांचा सोर्स कोडही कंपनीने दिला. नकलांचा पाऊस पडला. कंपनीच्या विक्री विभागात तेव्हा कोणी कपाळाला हात लावला असेल, तर तो चुकीच्या कारणासाठी लावला, कारण प्रत्येक नकली पिकिट-२ फक्त मायक्रोचिपच्याच चिपा खपवत होता! पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. कंपनी पिकिट-३ कडे वळली आणि नव्या चिपांसाठी पिकिट-२ चा आधार थांबला. सोर्स कोड बाहेर असल्याने हौशी लोकांनी त्या जुन्या साधनाला नव्या चिपा शिकवल्या. त्यानंतर पिकिट-३ लाही निवृत्ती आली, कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरमधून त्याचा आधार काढला गेला. ज्यांचे काम कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर चालत होते, त्यांना जुनी आवृत्ती जपून ठेवावी लागली. कंपनीने दिलेले साधन कंपनी परतही घेऊ शकते. छापून झालेले पान परत घेता येत नाही.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि अॅटमेलने बाजारात आणलेल्या एव्हीआर चिपांची कहाणी याहून मोठी आहे. या चिपांवर उभा राहिलेला आर्दुइनो हा बोर्ड आज शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही दिसतो, म्हणून त्याची वंशावळ नीट सांगायला हवी. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत आर्दुइनो आकाराला आला. त्याआधी तिथेच हर्नांडो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने ‘वायरिंग’ नावाचा प्रकल्प केला होता, त्याच्या पायावर हे काम उभे राहिले. बोर्डावरची चिप अॅटमेलची एटीमेगा८. कंपायलर म्हणजे मुक्त असलेला जीसीसी, एव्हीआरसाठी जुळवून घेतलेला. चिपमध्ये प्रोग्राम उतरवणारे एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअरही मुक्त, कोणा मोठ्या कंपनीचे नव्हे. आता मेख पाहा. अॅटमेलच्या एसटीके५०० या विकास-संचाशी संगणक कोणत्या आज्ञांनी बोलतो, हे अॅटमेलने एका अॅप्लिकेशन नोटमध्ये जाहीर केले होते. म्हणून एव्हीआरड्यूडला त्या संचाशी बोलता आले. आर्दुइनोच्या चिपमध्ये आधीच भरलेल्या बूटलोडर या छोट्या प्रोग्रामनेही त्याच आज्ञा उचलल्या, म्हणून यूएसबी केबल लावून ‘अपलोड’ दाबले की काम व्हायला लागले. वेगळा बर्नरच नको. अॅटमेलमधल्या कोणा साहेबाने आर्दुइनोची योजना आखली नव्हती. त्याने एक अॅप्लिकेशन नोट छापायला परवानगी दिली होती, एवढेच.

२०१६ मध्ये मायक्रोचिपने अॅटमेल विकत घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्दुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा आर्दुइनोच्या वापरकर्त्यांचा आकडा ३.३ कोटी सांगितला गेला. मोबाइलच्या चिपांतली एक महाकाय कंपनी हौशी लोकांच्या मेळ्यासाठी पैसे मोजते, याचा अर्थ त्या मेळ्याची किंमत आता ताळेबंदात मांडली गेली. पण ज्या दिवशी मेळा विकत घेतला जातो, त्या दिवशी तो भरवणाऱ्यांची धास्तीही सुरू होते. पुढच्याच महिन्यात आर्दुइनोच्या सेवाशर्तींतल्या रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई करणाऱ्या कलमावरून गदारोळ उठला. ते कलम क्लाउड सेवांपुरते आहे, बोर्डांच्या खुलेपणाला त्याचा धक्का नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. खुलासा खरा मानायला हरकत नाही. तरीही हौशी माणूस एका वाक्याने इतका का बिचकतो, हे क्वालकॉमने समजून घ्यावे. त्याने आधी चटके खाल्ले आहेत.

त्यातला एक चटका ऑक्टोबर २०१४ चा. यूएसबी आणि सीरिअल यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या एफटी२३२ या चिपसाठी स्कॉटलंडची एफटीडीआय कंपनी प्रसिद्ध होती. तिच्या चिपांच्या बनावट आवृत्त्या बाजारात खूप होत्या, हे खरे, आणि कंपनीचा रागही रास्त. पण कंपनीने विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर पाठवला, की बनावट चिप सापडली की तिच्या आतला ओळखक्रमांकच शून्य करून टाकायचा. मग संगणकाला ते उपकरण ओळखूच येईना. अशी चिप बसवलेला बोर्ड विकत घेतलेल्या माणसाला आपल्या बोर्डावरची चिप अस्सल की नकली, याचा पत्ता नव्हता. शिक्षा त्याला झाली, बनावट चिप विकणारा केव्हाच पैसे घेऊन मोकळा. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. त्यानंतरच्या वर्षांत स्वस्त बोर्डांवर डब्ल्यूसीएच या चिनी कंपनीची सीएच३४० ही चिप सर्रास दिसू लागली. आपल्या ग्राहकाला चोर समजणाऱ्या कंपनीला ग्राहक फार काळ आपली समजत नाही.

आता कंपन्यांची बाजू. खुलेपणाला त्यांचे आक्षेप तीन-चार ठरलेले असतात. साधनविक्रीतून पैसा येतो, हा पहिला. तो फारसा टिकत नाही. चिपांच्या धंद्यापुढे बर्नरची मिळकत किरकोळ आहे, हे कंपन्यांनीच सिद्ध केले. २०१० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एमएसपी४३० चा लाँचपॅड बोर्ड ४.३० डॉलरला काढला, त्याच वर्षी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा डिस्कव्हरी बोर्ड आला आणि त्यात चालू प्रोग्राम तपासणारा डिबगर बसवलेलाच होता. साधनांवर नफा कमवायचा नाही, हे तेव्हाच ठरून गेले. दुसरा आक्षेप मदतीचा: हौशी माणसाने बनवलेला बर्नर बिघडला की तो आमच्याच इंजिनिअरला पत्र लिहितो. यात तथ्य आहे. पण त्यावर उपाय दस्तऐवज लपवण्याचा नाही, तो नीट लिहिण्याचा आहे. नीट लिहिलेल्या स्पेसिफिकेशनने जितकी पत्रे वाचतात, तितकी ते लपवल्याने वाढतात.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, सुरक्षेचा. चिपमध्ये प्रोग्राम कसा शिरतो हे सगळ्यांना सांगितले, तर तो बाहेर कसा काढायचा हेही कळेल, अशी भीती. या भीतीला सर्वात चांगले उत्तर एका चिप बनवणाऱ्या कंपनीनेच दिले. रास्पबेरी पाय कंपनीने आरपी२३५० ही चिप ऑगस्ट २०२४ मध्ये आणली तेव्हा सुरक्षेची सगळी यंत्रणा उघड्यावर मांडली, बूट रॉमचा कोड प्रसिद्ध केला आणि अमेरिकेतल्या डेफ कॉन या हॅकर मेळाव्यात आव्हान दिले: चिपमध्ये आम्ही एक गुपित दडवले आहे, ते काढून दाखवा आणि दहा हजार डॉलर घ्या. पुढे बक्षीस दुप्पट केले. जानेवारी २०२५ मध्ये निकाल लागला. एकाहून अधिक जणांनी वेगवेगळ्या वाटांनी गुपित गाठले होते. कंपनीने त्यांना बक्षिसे दिली, त्रुटी सविस्तर जाहीर केल्या आणि चिपच्या सुधारित आवृत्तीत त्यांतल्या अनेक दुरुस्त केल्या. कुलपाची रचना झाकून ठेवली म्हणून कुलूप मजबूत होत नाही, हे इतक्या रोखठोक रीतीने मान्य करणारी कंपनी विरळा.

खरी आडकाठी याहून बारीक जागी असते, आणि ती भाषणांत कधी येत नाही. बऱ्याच कंपन्या प्रोग्राम भरण्याची रीत छापतात, पण डिबगिंगची झाकून ठेवतात. प्रोग्राम चिपमध्ये टाकता येतो. तो चालू असताना मध्येच थांबवून आत काय चालले आहे ते पाहायचे, तर कंपनीचाच डिबगर घ्या. अॅटमेलच्या छोट्या एव्हीआर चिपांवर ‘डीबगवायर’ नावाची एका तारेची सोय होती. तिचे नियम कंपनीने कधी प्रसिद्ध केले नाहीत. हौशी लोकांनी तारेवरचे संकेत ऐकून, अंदाज बांधून, एकेक आज्ञा उकलून काढली आणि आपले डिबगर बनवले. इतक्या कष्टांनी जे शेवटी उघड झालेच, ते लपवून कंपनीला काय मिळाले? नवशिक्याचे नुकसान मात्र झाले. प्रोग्राम का चालत नाही हे शोधण्यातच शिकण्याचा निम्मा भाग असतो. याउलट आर्म कंपनीने आपल्या कॉर्टेक्स गाभ्यांच्या डिबगिंगची रचना प्रसिद्ध केली आणि सीएमसिस-डॅप हा संगणक व डिबगर यांच्यातला संवादही खुला ठेवला. म्हणून आज चार डॉलरच्या रास्पबेरी पाय पिकोवर एक मुक्त फर्मवेअर टाकले की तोच डिबगर होतो, आणि तो भलत्याच कंपनीच्या आर्म चिपशीही बोलतो.

अगदी तळाच्या भावातल्या चिपांबाबतही लपवाछपवी होतीच. तैवानच्या पडौक कंपनीचे काही मायक्रोकंट्रोलर अमेरिकी तीन सेंटांच्या आसपास मिळत होते म्हणून २०१९ च्या सुमारास हौशी वर्तुळांत गाजले. चिप तीन सेंटांची, पण ती लिहायला कंपनीचेच यंत्र, आणि लिहिण्याची रीत गुप्त. शेवटी काही उत्साही लोकांनी लॉजिक अॅनलायझर लावून ती रीत उलगडली, खुला बर्नर बनवला आणि एसडीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये त्या चिपांचा आधार घातला. कंपनीसाठी हे काम जगाने फुकट केले. कंपनीने एक पीडीएफ टाकली असती, तर ते लवकर झाले असते.

एफपीजीएच्या, म्हणजे आतली जोडणी वापरणाऱ्यालाच ठरवता येते अशा चिपांच्या, क्षेत्रात दारे आणखी घट्ट. तिथे चिपमध्ये जाणाऱ्या बिटस्ट्रीमचा अर्थच कंपन्या सांगत नाहीत. २०१५ मध्ये ‘आइसस्टॉर्म’ प्रकल्पाने लॅटिस कंपनीच्या आइस४० चिपांचा बिटस्ट्रीम उलगडून दाखवला आणि पूर्णपणे मुक्त साधनांनी एफपीजीएसाठी रचना घडवणे पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या आटोक्यात आले. लॅटिसने मदत केली नाही, पण आडवीही आली नाही. २०२० मध्ये मात्र तिच्या एका सॉफ्टवेअरच्या परवान्यात बिटस्ट्रीम उलगडायला बंदी घालणारे कलम दिसले. हौशी मंडळी खवळली आणि कंपनीने ते काढून टाकले. त्याच वर्षी क्विकलॉजिक या लहान कंपनीने आपल्या चिपांसाठी मुक्त साधनेच अधिकृत म्हणून स्वीकारली. लहान कंपन्यांना हे धाडस सोपे जाते; त्यांना ग्राहक हवे असतात.

प्रोत्साहनाची सर्वात शहाणी रीत मात्र शांघायच्या एस्प्रेसिफने दाखवली, आणि तिची एक शाखा आपल्या पुण्यात आहे. २०१४ मध्ये तिची ईएसपी८२६६ ही वायफायची चिप स्वस्त मॉड्यूलांतून जगभर पसरली तेव्हा कागदपत्रे बहुतांशी चिनी भाषेत होती. परदेशी हौशी लोकांनी ती भाषांतरित केली, जीसीसीची साधने जुळवली, प्रोग्राम उतरवण्यासाठी ‘ईएसपीटूल’ लिहिले, आर्दुइनोचा आधार उभा केला. कंपनीपुढे दोन वाटा होत्या: वकील पाठवणे किंवा नेमणुकीचे पत्र पाठवणे. तिने दुसरे पाठवले. ही साधने घडवणाऱ्यांपैकी काही जण एस्प्रेसिफमध्ये नोकरीला लागले आणि त्यांची साधने कंपनीची अधिकृत साधने झाली, मुक्त परवान्यासकट. पुढच्या ईएसपी३२ चिपला पहिल्या दिवसापासून जाणकार वापरकर्त्यांची फौज मिळाली, ती जाहिरातबाजीने नव्हे. २०१९ मध्ये ही कंपनी शांघायच्या शेअर बाजारात नोंदली गेली. हौशी लोकांशी सलोखा ठेवल्याने धंदा बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी तिचा ताळेबंद जरूर पाहावा.

हॅकेथॉन, ‘इनोव्हेशन चॅलेंज’, टी-शर्ट आणि प्रमाणपत्रे यांविषयी काही लिहिण्याचे कारण नाही. ती होतच राहणार. बर्नर बनवणाऱ्याला टी-शर्ट नको असतो. त्याला हवी असते चिपच्या रजिस्टरांची यंत्राला वाचता येईल अशी यादी, आणि तीही अशा परवान्यावर की ती मुक्त कंपायलरबरोबर वाटता येईल. एसडीसीसीमध्ये पिक चिपांच्या हेडर फाइली आजही ‘नॉन-फ्री’ अशा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्या लागतात, कारण त्या मायक्रोचिपच्याच चिपांसाठी वापरण्याची अट आहे. पिक चिपांच्या हेडर फाइली दुसऱ्या कोणाच्या चिपांसाठी वापरून कोण काय करणार आहे, हे अट लिहिणाऱ्या वकिलालाच ठाऊक! बर्नर बनवणाऱ्याला आणखी हवा असतो यूएसबीचा ओळखक्रमांक. तो यूएसबीच्या संघटनेकडून घ्यायचा तर सहा हजार डॉलर पडतात. छंदासाठी एवढे कोण मोजणार? ऑस्ट्रियातल्या एका छोट्या कंपनीने आपल्या मुक्त यूएसबी सॉफ्टवेअरबरोबर काही क्रमांक सामायिक वापराला दिले होते, आपल्याकडे विद्यार्थ्यांत लोकप्रिय झालेला ‘यूएसबीएएसपी’ बर्नर असल्याच उसनवारीच्या क्रमांकावर जगला. मायक्रोचिपने मात्र इथे चांगला पायंडा पाडला आहे: तिची चिप वापरणाऱ्याला ती आपल्या क्रमांकाखाली एक उपक्रमांक, काही अटींवर, फुकट देते. कंपनीला याचा खर्च किती, तर वहीत एक नोंद करण्याएवढा. आणि शेवटी त्याला हवा असतो एक माणूस, जो स्पेसिफिकेशनमधली चूक कळवल्यावर ‘आपण नोंदणीकृत ग्राहक आहात का’ असे न विचारता ती दुरुस्त करतो.

आता आपल्याकडे वळू. सी-डॅकने ‘वेगा’ मालिकेतले प्रोसेसर घडवले, त्यांपैकी एकाभोवती घडवलेल्या ‘तेजस३२’ या चिपवर ‘एरीज’ नावाचे बोर्ड काढले आणि ते आर्दुइनोच्या सॉफ्टवेअरमधून चालतील अशी सोय केली. सुरुवात योग्य दिशेने आहे. मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’ प्रोसेसरचा तर आराखडाच खुला आहे. त्याच संस्थेच्या आसऱ्याने उभी राहिलेली माइंडग्रोव्ह ही कंपनी व्यापारी चिप घेऊन उतरली आहे. २०२० मध्ये ‘स्वदेशी मायक्रोप्रोसेसर चॅलेंज’ झाले आणि विद्यार्थ्यांच्या चमूंना या प्रोसेसरांवर काम करता आले. स्पर्धा संपली की चमू पांगतात, हा सार्वत्रिक अनुभव. चिपभोवती टिकून राहतो तो, ज्याने तिच्यासाठी काहीतरी स्वतः बांधले आणि जो ते मोडल्यावर पुन्हा बांधू शकतो.

म्हणून या देशात घडणाऱ्या चिपांच्या बाबतीत वेगळी अपेक्षा ठेवायचा आपल्याला हक्क आहे. मायक्रोचिप किंवा एसटी या खासगी कंपन्या; त्यांना विनंती करता येते, आग्रह धरता येत नाही. इथे मात्र चिपच्या आराखड्यासाठी डिझाइन-संलग्न प्रोत्साहन योजनेतून सरकारी पैसा जातो, कारखान्याच्या उभारणीतही मोठा वाटा सरकारचा असतो. करदात्याच्या पैशातून घडलेल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम कसा भरायचा आणि तो थांबवून कसा पाहायचा, हे करदात्याच्या मुलाला गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय वाचता आले पाहिजे. यात संरक्षणाच्या किंवा अवकाशाच्या चिपा धरायचे कारण नाही. ज्या चिपा बाजारात विकायच्या आहेत त्यांच्यापुरतेच हे बोलणे आहे. मुंबई आयआयटीतल्या ‘फॉसी’ आणि ‘ई-यंत्र’ या उपक्रमांनी मुक्त सॉफ्टवेअर आणि रोबोंच्या निमित्ताने हजारो विद्यार्थ्यांपर्यंत वाट तयार करून ठेवली आहे. नवी चिप बाजारात येण्याआधी तिचे स्पेसिफिकेशन अशा मंडळींच्या हाती द्यावे आणि एखाद्या विद्यार्थ्याला ते वाचून बर्नर बनवता येतो का, ते तपासावे. बनवता आला नाही, तर दोष विद्यार्थ्याचा नाही, दस्तऐवजाचा आहे.

इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे त्यामुळे एकच मागणी. प्रोत्साहन योजनेच्या अटींत एक कलम घाला: अनुदान घेऊन बाजारात येणाऱ्या प्रत्येक मायक्रोकंट्रोलरचे प्रोग्रामिंग आणि डिबगिंगचे संपूर्ण स्पेसिफिकेशन, तसेच रजिस्टरांची यादी, मुक्त परवान्यावर आणि विना-नोंदणी प्रसिद्ध झाल्याखेरीज अनुदानाचा शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. या कलमाचा सरकारला एक रुपयाही खर्च नाही. पुढच्या अधिसूचनेत ते यावे.